बॅनरमागचा लाल थर

विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाची सहल दरवर्षी पावसाळा सरला की निघते, कारण तेव्हा कात्रज घाटातले दगड स्वच्छ धुतलेले असतात. ही सोय निसर्गाने परिपत्रकाविना केलेली असल्यामुळे विद्यापीठाचा तिच्यावर विश्वास नाही. सहल झाली हे फोटोंनी सिद्ध करावे लागते. यंदा ते काम तनुजा मॅडमकडे आले. त्या तासिका तत्त्वावर शिकवत. फोटोंचा अहवाल मंजूर झाला तर पुढच्या वर्षी नेमणूक, नाहीतर घरी, असे त्यांना तोंडी कळवण्यात आले होते. लेखी कळवण्याची पद्धत फक्त कायम नोकरीवाल्यांसाठी होती.

मॅडमनी जीव ओतून फोटो काढले. लाव्हाच्या दोन काळ्या थरांमध्ये अडकलेला विटकरी लाल थर, आणि त्याला टेकवलेली हातोडी. गुणवत्ता कक्षाचे प्रमुख इंद्रजीत सर मूळचे वाणिज्य शाखेचे. फोटो पाहून ते व्यथित झाले.

“अहो मॅडम, सगळीकडे दगडच आहेत!”

“सर, भूशास्त्राची सहल आहे.”

“ते अहवाल तपासणाऱ्या समितीला कसं कळणार? बॅनर कुठाय? आणि ही हातोडी कोण विसरलं?”

“ती मापासाठी ठेवतात. थर केवढा आहे ते कळावं म्हणून.”

“मग आपल्या ऑफिसातून पट्टी न्यायची. हातोडीमुळे तोडफोडीचा संशय येतो.”

सहल पुन्हा निघाली. बॅनर बारा फुटी होता. त्यावर सहा मान्यवर होते आणि उरलेल्या जागेत भूशास्त्र होतं. घाटात तो टांगायला एकच जागा सापडली, आणि तिथे तो लाल थरावर नेमका बसला.

दुसऱ्या वर्षाची वैष्णवी वही उघडून उभी होती. “मॅडम, तो लाल थर कुठाय?”

“बॅनरच्या मागे.”

“बघू?”

“फोटो झाला की.”

पण मोबाइलला रेंज नव्हती, आणि ठिकाणाचा शिक्का उमटल्याशिवाय फोटो ग्राह्य नव्हता. मुलं सव्वा तास हसत उभी राहिली. शिक्का उमटला तोवर बसवाल्याची वेळ संपली होती. मुलांना बसमध्ये बसवल्यावर बॅनर काढण्यात आला.

इंद्रजीत सरांनी नवा फोटो मोठा करून पाहिला. “बॅनरला फुगवटे आलेत. पार्श्वभूमी खडबडीत आहे.”

“सर, तो डोंगर आहे.”

“मग सपाट जागा बघा.”

तिसरी सहल विद्यापीठातल्या दुचाकी स्टँडच्या भिंतीपर्यंत गेली. बस लागली नाही, याची कक्षाने पर्यावरण रक्षण म्हणून नोंद घेतली. ठिकाणाचा शिक्का बदलून देणारं ॲप सरांच्या मोबाइलमध्ये होतंच. तनुजा मॅडमना लाज वाटली, अगदी मान खाली घालावी इतकी वाटली. पण फोटोत मान वर हवी होती.

अहवालाला पैकीच्या पैकी गुण मिळाले. मॅडमची नेमणूक झाली. सोबत आदेश आला: फोटो परिपूर्ण असल्याने यापुढे सहल काढू नये, बॅनरवरील साल तेवढे बदलावे.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. त्यांनी वैष्णवीला विचारलं, “कात्रजच्या लाल थराच्या वर काय आहे?”

“बॅनर,” ती म्हणाली.

ती नापास झाली. तनुजा मॅडम शेजारच्याच खुर्चीत होत्या. उत्तर प्रामाणिक आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी गुणपत्रकावर सही केली.

तो फोटो तुमच्याही सोसायटीच्या ग्रुपवर आला होता. खाली ‘कात्रज घाट’ असा शिक्का, वर कोपऱ्यात ‘दुचाकी तिरकी लावू नये’ अशी ठळक पाटी. तुम्ही दोन सेकंदांत हात जोडून ‘अभिमान वाटतो’ असं लिहिलंत. वैष्णवी आता पुन्हा परीक्षेला बसते आहे. लाल थर आपणांस दिसला असल्यास कृपया तिला कळवावे.