कौतुकाचा सोमवार

एकाहत्तराव्या वर्षी मी असं जाहीर केलं की, स्कॉटिश माणसाचा स्वभाव मी एकटा बदलून दाखवणार. सोमवारी सकाळी नऊ वाजता सुरुवात केली. सव्वानऊला समोरची शेजारीण माझ्यावर खवळलेली होती.

दोष माझ्या मुलीचा. मॉर्वेन कॅनडात राहते. तिथली माणसं सकाळी उठून एकमेकांना चांगलं म्हणतात आणि तरी कुणी पोलिसांना बोलवत नाही. रविवारी फोनवर ती म्हणाली, "बाबा, समोरची सेंगा इतकं करते तुमचं. कधी चांगलं बोललात तिच्याशी?"

"गेल्या नाताळात म्हणालो होतो की सूप वाईट नव्हतं."

"हे कौतुक झालं?"

आता हिला काय सांगायचं? ग्लासगोत याहून मोठं कौतुक अजून निघालेलं नाही. रागाचं विचारा. चिडका माणूस 'क्रॅबिट', हट्टाने गाढव झालेला 'थ्रॉन', विटून वैतागलेला 'स्कनर्ड'. प्रत्येक पायरीला वेगळा शब्द, जणू राग हेच आमचं मुख्य पीक. तीस वर्षं मी वर्तमानपत्रात सदर लिहिलं ते याच पिकावर. पण कौतुकाला आख्ख्या भाषेत एक 'वाईट नाही', आणि तेही भिंतीकडे बघत म्हणायचं.

पण मुलीचं म्हणणं मनाला लागलं. त्यात गुरुवारी माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. चौदा महिने थांबून मिळालेली तारीख. घरी न्यायला आणि रात्रभर लक्ष ठेवायला माणूस असल्याशिवाय इस्पितळ हात लावत नाही, आणि ते माणूस म्हणजे समोरच्या दारातली सेंगा मल्होलंड. वय चौऱ्याहत्तर, विधवा, आवाज गोदीतल्या भोंग्याचा. म्हटलं, निदान तिला तरी एकदा चांगलं म्हणावं.

आमच्या इमारतीचा जिना रहिवाशांनीच धुवायचा, नंबर ठरलेला असतो. ज्याचा नंबर, त्याच्या दाराच्या मुठीला पाटी लटकते. सोमवारी पाटी सेंगाकडे होती आणि सेंगा गुडघ्यांवर, ब्रश घेऊन, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर.

"सेंगा," मी म्हणालो, "इतका सुंदर धुतलेला जिना मी आयुष्यात पाहिला नाही."

ब्रश थांबला.

"कुठे राहिलंय?"

"कुठेच नाही."

"मग बोललास कशाला?"

"मनापासून बोललो. तुझ्या हाताला तोड नाही."

ती उठली. तिचे गुडघे वाजले ते मला धमकीसारखे ऐकू आले. "लॉखी गेडिस, एकतीस वर्षं शेजारी आहेस. घाण दिसली तर घाण म्हण. असं इंग्रजासारखं गोड बोलून टोमणे मारू नकोस."

"टोमणा नाही गं. तू खरंच अद्भुत आहेस."

दार असं आपटलं की माझ्या घरातलं घड्याळ बंद पडलं. पाच मिनिटांनी ती बाहेर आली आणि पहिल्या पायरीपासून जिना पुन्हा धुवायला लागली. दुपारी तिसऱ्यांदा. संध्याकाळी तळमजल्यावरचा ट्वीडी वर आला. हा निवृत्त बसड्रायव्हर. कुठलीही बातमी ऐकताना अजूनही आरशात मागे बघितल्यासारखी मान वळवतो.

"काय बोललास तिला?"

"अद्भुत म्हणालो."

ट्वीडी भिंतीला टेकला. "तोंडावर?"

"तोंडावर."

"माझ्या मेव्हण्याला एकदा लग्नात कुणीतरी म्हणालं, सूट फार शोभतो. त्यानं तो पुन्हा अंगाला लावला नाही. शेवटी त्यातच पुरला त्याला. आता माफी माग. आणि कमी बोल."

कमी बोलायचं म्हणून मी लिहायचं ठरवलं. चूक इथे झाली. लिहिणाऱ्याच्या हातात कागद देऊ नये.

मंगळवारी सकाळी मी पांढरी फुलं आणली, सेंगाच्या दाराशी ठेवली आणि त्यात चिठ्ठी खोवली: 'मनापासून वाईट वाटतंय. अशी शेजारीण पुन्हा होणे नाही. लॉखी.' आणि डोळ्यांच्या तपासणीसाठी निघून गेलो.

सेंगा बाजारात होती. ट्वीडी वर आला, त्यानं फुलं पाहिली, चिठ्ठी वाचली, घंटा वाजवली. दार उघडलं नाही. आमच्याकडे पांढरी फुलं दारात येतात ती शववाहिनीच्या आधी, आणि शेजारचं कुणी गेलं की बोलायचं काही नसतं, करायचं असतं. ट्वीडीने ते केलं. काळा टाय बांधला. खाटकाकडून मोठा 'मटण-पाय' आणला, म्हणजे पिठाच्या कवचात भाजलेलं मटण, मयताच्या जेवणाला लागतो तो, आठ माणसांचा. मी परतलो तेव्हा तो सेंगाच्या दारासमोर टोपी काढून उभा होता, हातात तो मटण-पाय, डोळ्यांत पाणी.

"फार चांगली बाई होती रे," तो म्हणाला.

"कोण?" मागून सेंगाने विचारलं. तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या.

ट्वीडीच्या हातातून मटण-पाय पडला नाही, एवढाच त्या दिवसाचा विजय. सेंगानं त्याचा टाय पाहिला. मग फुलं. मग चिठ्ठी वाचली, दोनदा. मग मला म्हणाली, अगदी हळू आवाजात, आणि तिचा हळू आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता, "काल टोमणे मारलेस. आज मारूनच टाकलंस."

मटण-पाय मात्र तिने ठेवून घेतला.

बुधवारी माझ्या दाराला पाटी लटकत होती. माझा नंबर पंधरा दिवसांवर होता. पाटीमागे कागद: 'उद्या इस्पितळात दुसरं माणूस बघ.'

इस्पितळात फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, सोबत नसेल तर तारीख जाईल, पुढची वर्षभराने. वर्षभर म्हणजे वर्षभर वर्तमानपत्र नाकाला चिकटवून वाचायचं, बसचा नंबर अनोळखी लोकांना विचारायचा, किटलीतलं पाणी कपाऐवजी बोटांवर ओतायचं. ट्वीडीकडे गेलो.

"जमणार नाही," तो म्हणाला. "ती माझ्याशीही बोलत नाही. तुझ्याबरोबर दिसलो तर पुढचा मटण-पाय माझ्याच मयताला लागेल."

मॉर्वेनला फोन लावला.

"बाबा, तुम्हाला काय वाटतं ते तिला सांगितलंत का?"

"सांगितलं म्हणूनच ही वेळ आली."

"मग आणखी मोकळेपणाने सांगा."

मी फोन ठेवला. आणि मग माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलीचा राग, ट्वीडीच्या टायचा राग, कॅनडाचा राग. आणि सगळ्यात जास्त त्या बाईचा, जिला एकतीस वर्षांत एक चांगलं वाक्य पचवता येत नव्हतं. समोरच्या दारावर मी मुठी आपटल्या.

"उघड, थ्रॉन म्हातारे! जिना सुंदर म्हणालो ते खोटं बोललो. कोपऱ्यांत तू कधी ब्रश नेलाच नाहीस. तुझं सूप म्हणजे भांडी धुतलेलं पाणी. तुझा आवाज ऐकून तुझा नवरा बहिरा झाला आणि बहिरा झाला तेव्हाच कुठे त्याला झोप लागली. आणि पाटी पंधरा दिवस आधी लटकवतेस, ही चोरी आहे!"

वरच्या मजल्यावर कुणीतरी रेडिओ बारीक केला. कडी सरकली. सेंगा दारात उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर सोमवारनंतर पहिल्यांदा रक्त दिसत होतं.

"मेल्या," ती म्हणाली, "मला वाटलं डोक्यात काहीतरी फुटलं तुझ्या. दोन रात्री झोपले नाही मी. डॉक्टरला डोळ्याचं सांगायचं की मेंदूचं, हेच कळेना."

"मेंदू ठीक आहे."

"ते दिसलंच. कोपरे घासत नाही म्हणे मी! आळशी मेला. उद्या साडेसातला खाली ये. जाड कोट घाल, ड्रीख आहे बाहेर, सगळं ओलं आणि राखाडी. आणि दाढी कर, माझ्याबरोबर यायचंय."

ऑपरेशन झालं. परतताना टॅक्सीत एका डोळ्यावर पट्टी, माझा हात तिच्या हातात, आणि ती सबंध रस्ताभर ड्रायव्हरला सांगत होती की हा माणूस कसा जन्मापासून बिनकामाचा आहे. इतकं सुरक्षित मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं. तिला सांगितलं नाही. शहाणपण येतं, उशिरा येतं.

आता तिच्याबद्दल माझ्या मनात जे आहे ते कुठेच बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिलं. तिला वाचून दाखवू नका. दुसरं म्हणजे, डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे आहेत. माझा हात थरथरतो आणि थेंब मिशीत जातो. तीन वेळा सेंगा घालते, शिव्यांसकट. चौथी वेळ संध्याकाळी साडेसातची, आणि तेव्हा तिची मालिका लागते. आसपास कुणी मोकळं असेल तर दहा मिनिटं या. बाटली फ्रीजच्या दारात, लोण्यामागे आहे.