पहिलं नाव चंद्री

नामदेव ज्या गावी देवीची लस टोचायला जाई, त्या प्रत्येक गावी त्याच्यापुढे पहिली येई ती चंद्री नावाची सहा वर्षांची पोर. निदान त्याच्या रजिस्टरात तरी तसंच असे. पोंभुर्ण्याकडच्या दवाखान्यात मी कारकून होतो. दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवण्याचा मला पगार मिळे. टोचणाऱ्याने आठव्या दिवशी परत जाऊन, टोचल्या जागी फोड उठला का ते पाहून शेरा लिहायचा असे. चंद्रीपुढे प्रत्येक गावी एकच शेरा: ‘उठला नाही.’

“ही पोर तुझ्याआधी सगळीकडे पोचते कशी?” मी विचारलं.

“पैदल, बाबूजी,” तो म्हणाला. हसला नाही.

नामदेव विशीतला, किडकिडीत. चांद्याच्या वैशाखात माणसं अंगावरचं कातडंही काढून ठेवायला तयार असतात. हा मनगटापर्यंत बाह्या बटणबंद करून सायकल हाणायचा. “मायले इचारू” हे त्याचं पालुपद. चाक पंक्चर झालं तरी आधी मायला विचारायचं, मग पंपाला.

नदीपलीकडे देवी निघाल्याची बातमी आली. साहेबांनी टेबलावर मूठ आपटून रोगाला दम भरला आणि मला नामदेवबरोबर आंबेटोल्याला धाडलं.

गावात कोणी नव्हतं. चुली धुमसत होत्या. एक रिकामा पाळणा अजून हलत होता. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. मोहाच्या झाडांआडून कुणीतरी आपल्याला निरखतंय असं सारखं वाटत होतं. नामदेव सरळ गावाबाहेर, मातामायच्या, म्हणजे देवीच्याच, शेंदरी दगडांपाशी गेला. सगळ्यात लहान दगडावर त्याने लसीचा थेंब ठेवला, सुईने हळूच खरवडलं आणि रजिस्टरात लिहिलं: चंद्री, वय सहा.

सरकारी लस दगडाला! माझी लाल शाई खिशातल्या खिशात उकळली.

“गोट्याले टोचलं. आता तुहा दंड दाखव.”

झाडांतून एक म्हातारी पुढे आली होती. सोनाबाई, गाव तिच्या शब्दात होतं. तिच्यामागे एकेका झाडाचा हळूहळू माणूस झाला.

नामदेवने बाही वर सारली. दंड कोरा होता. लसीचा वण नाही. नेमणुकीच्या वेळी साहेबांनी त्याचं अक्षर तपासलं होतं. दंड पाहायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

“काऊन रे पोट्ट्या? सोता भेतं, आन् आमच्या लेकरायले टोचतं?”

“भेतो, बाई,” तो म्हणाला, आणि त्याने सर्वांदेखत स्वतःच्या दंडावर सुई चालवली.

“आठ दिस इथीच राहाय,” सोनाबाई म्हणाली. “जगला, त लेकरं तुह्यापुढं बसवू.”

मी निघालो तेव्हा तो गावकुसापर्यंत आला. “लहानपणी टोचणारा आला, त आईनं आमा बहीण-भावाले ढोलीत लपवलं,” तो म्हणाला. “धानाच्या ढोलीत. चंद्री रडे. मीच तिचं तोंड दाबून धरलं. टोचणारा निघून गेला. मंग देवी आली. मले सोडलं, तिले नेलं. आई म्हने, आता चंद्री मातामायपाशीच राह्यते.” त्याने दगडांकडे पाहिलं. “तिचा फोड उठायच्या आधी सोताले टोचाचं मनच नाई झालं, बाबूजी.”

आठव्या दिवशी गेलो तर घरं पुन्हा रिकामी. मी मातामायकडे धावलो. दगडांभोवती सारं गाव बसलं होतं. मध्ये नामदेव, तापाने लाल. सोनाबाईने त्याच्या दंडावरच्या टपोऱ्या फोडाशेजारी बोट दाबलं. तो कळवळला.

“जिता हाय,” ती म्हणाली, आणि स्वतःच्या नातीला पुढे ढकललं.

रांग दुपारी संपली. चंद्रीचा शेरा तेवढा राहिला होता. रजिस्टर घेऊन मी त्याच्यामागे गेलो. लहान दगडापुढे तो उकिडवा बसला, पण दगड त्याने तपासला नाही. बाही वर सारून स्वतःचाच दंड त्याच्यापुढे धरला.

“पाह्य चंद्रे,” तो म्हणाला, “काई नाई होत.”