सरळ उभा राहील तो माणूस

माणूस कोणता आणि डुक्कर कोणतं, हे ओळखणं सोपं नाही. भल्याभल्या बायकांना लग्नाला वीस वर्षं झाली तरी खात्रीनं सांगता येत नाही. माझ्या प्रोग्रामला मात्र येतं! शंभरातून सत्त्याण्णव वेळा! उरलेल्या तीन वेळांचं काय ते पुढं येईलच, पण आधी मला जरा मिरवू द्या.

मी नीलम. वय सत्तेचाळीस. चुडाव्याच्या स्टेशनापासून मोटरसायकलवर दहा मिनिटं लांब आमचं शेत, आणि शेतातच घर. चाळिशीत मी मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर प्रोग्रामिंग शिकले. एक डोळा फुकटच्या व्हिडिओवर, दुसरा तव्यावरच्या भाकरीवर. पहिली दोन वर्षं दोन्ही करपत होतं. आज मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरबसल्या करते. कुणी विचारलं, की सून काय करती, तर आमच्या सासूबाई, म्हणजे तानुबाई, सांगतात, "दिसभर टायपिंग करती, आन् मधीच एकलीच हसती. पर पोरगी चांगली हाय."

कंपनीचं काम पोटासाठी. हौसेचं काम वेगळं. यंदा हौसेला विषय मिळाला रानडुकरांचा. आमच्या हरभऱ्यात रोज कळपानं यायची आणि लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखी बसायची! शेजारच्या आश्रुबांनी बाजारातून भोंगा आणला होता. त्यात कुत्र्याचं भुंकणं भरलेलं. आठवड्यात डुकरांना कळलं की हा कुत्रा नुसताच बोलतो. मग ती भोंग्याच्याच खाली येऊन लोळायला लागली.

मी म्हटलं, थांबा. एक जुना मोबाइल बांबूला बांधला. त्याच्या कॅमेऱ्यात डुक्कर दिसलं की प्रोग्राम ते ओळखणार, भोंगा ओरडणार, आणि त्याच क्षणी आश्रुबांना आणि आणखी चार शेजाऱ्यांना मेसेज जाणार : 'डुक्कर शिरलं. काठ्या घेऊन या.'

भोंग्यात आवाज कुणाचा, हा प्रश्नच नव्हता. तानुबाईंनी घरातून 'गाडी आली का रं?' असं विचारलं तर चुडाव्याचा सिग्नल पडतो, असं आमचे हे म्हणतात. पण मोबाइल पुढं धरला आणि बाई लाजल्या!

"असं कसं शिव्या देऊ बाई? समोर कुणी तरी पायजे की."

"आत्याबाई, मी दूध उतू घालवलंय असं समजा."

झालं! धरणाचं दार उघडलं!

"आरं ए मुडद्या! कुणाच्या रानात शिरलास रं? बापानं पेरून ठिवलंय का तुझ्या? खाऊ खाऊ पोट बघ कसं सुटलंय! निघ भाईर, न्हाईतर टंगडीच मोडीन!"

एकदाच घेतलं. दुसऱ्यांदा घ्यायची मोबाइलचीच हिंमत नव्हती.

आता प्रोग्रामला शिकवायचं. त्यासाठी फोटो लागतात. डुकरांचे चारशे मिळाले. माणसांचे मीच गावात फिरून काढले. इथं एक गोष्ट सांगते, ती लक्षात ठेवा. आमच्याकडं फोटो म्हटलं की माणूस चप्पल घालून येतो, वरचं बटण लावतो आणि झेंडावंदनाला उभं राहावं तसा ताठ उभा राहतो. हात मांड्यांना चिकटलेले. हसणं बंद. चारशे माणसं, चारशे सावधान! प्रोग्राम बिचारा जे दाखवलं ते शिकला. जे सरळ उभं, ते माणूस. जे वाकलेलं, ते डुक्कर!

मला हे तेव्हा कळलं नाही. कळायला नागेश सर यावे लागले.

नागेश सर म्हणजे आमचे साहेब. जानेवारीत कंपनीचा हुकूम निघाला, की एक तारखेपासून सगळ्यांनी पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं. नसेल जमत तर राजीनामा. ह्यांना शेत सोडवत नाही, आत्याबाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, आणि मला ह्या दोघांना सोडवत नाही. पण नोकरीसुद्धा सोडवत नाही हो! करपलेल्या भाकरी खाऊन मिळवलेली आहे ती. मी सरांना विनवलं, मला सूट द्या. सर म्हणाले, "नांदेडला लग्नाला येतोय. परत जाताना तुमचं ते शेतातलं ऑफिस बघतो. मग ठरवू."

ह्यांनी लगेच मार्ग काढला. "हुरडा चारू. हुरडा खाऊन आजवर कुणी न्हाई म्हणल्यालं ऐकलं न्हाई."

माझी योजना त्याच्याही पुढची होती. हुरडा झाला की सरांना माझं यंत्र दाखवायचं. ह्यांनी काळं घोंगडं पांघरून हरभऱ्यात रांगायचं, भोंगा ओरडणार, सर थक्क होणार, सूट मंजूर!

"मी? डुक्कर?" हे म्हणाले.

"दोनच मिनिटं."

"सायबासमोर?"

"माझ्या नोकरीसाठी."

हे निमूट घोंगडं झटकायला गेले. असा नवरा मिळायला पुण्य लागतं. आयत्या वेळी खोळंबा नको म्हणून, एरवी रात्रीच चालणारं यंत्र मी त्या दिवशी सकाळीच सुरू करून ठेवलं.

सर आले. गोरे, गोलमटोल, अंगात काळंभोर फुगीर जाकीट. आगटी पेटलेली, कणसं भाजायला घातलेली, आत्याबाई पदर सावरून हळू आवाजात "या सायेब, बसा सायेब" करत होत्या. इतक्या हळू, की मलाच त्यांची काळजी वाटली. सरांनी गूळ घालून हुरडा खाल्ला, दही घालून खाल्ला, शेंगदाण्याची चटणी लावून खाल्ला. म्हणाले, "नीलम मॅडम, इथं खरंच शांतता आहे हो. काम छान होत असेल."

माझं काम झालंच होतं की! शपथ! पण मी चुलीवर चहा ठेवायला घरात गेले, हे घोंगडं घेऊन गोठ्याआड दबा धरून बसले, आणि सर पाय मोकळे करायला बांधावरून निघाले. समोर हरभऱ्याचे हिरवेगार ढाळे. शहरातला माणूस. मोह झाला. सर उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी घाटे ओरबाडून खायला लागले.

काळं. गोल. वाकलेलं. हरभरा खातंय.

प्रोग्रामचं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

"आरं ए मुडद्या!!"

सर बसल्या जागी वीतभर उडाले.

"कुणाच्या रानात शिरलास रं? बापानं पेरून ठिवलंय का तुझ्या?"

सर चार पायांवर पळत सुटले. तेवढ्यानं प्रोग्रामची उरलीसुरली शंकाही फिटली!

"खाऊ खाऊ पोट बघ कसं सुटलंय!"

इकडं आगटीपाशी आत्याबाईंनी आपलाच आवाज ऐकला, आणि डुक्कर शिरलं म्हणून त्यासुद्धा सवयीनं सुरू झाल्या! बांबूवर एक तानुबाई, आगटीपाशी दुसरी, आणि मधे नागेश सर. आश्रुबा "कुठंय रं, कुठंय?" करत काठी घेऊन बांध ओलांडून आले, मागं चार शेजारी, त्यांच्यामागं खरा कुत्रा. गोठ्याआडून ह्यांना वाटलं, आपली वेळ झाली. तेही घोंगडं पांघरून रांगत बाहेर आले.

"दोन हायत! दोन!" आश्रुबा ओरडले. "थोरलं धरा, काळं फुगीर!"

मी चहाची सांडशी हातात घेऊन धावत आले, आणि काय करावं ते मला एका क्षणात सुचलं.

"सर! सरळ उभे राहा! हात खाली! मांड्यांना चिकटवा!"

सर ताडकन् उभे राहिले, आणि घोंगडं टाकून हेही. भोंगा बंद.

आश्रुबांची काठी हवेतच राहिली. ते बारीक डोळे करून बघत म्हणाले, "आरं तिच्या, हे तर पाव्हणं हायती!"

सरांचा एक बूट चिखलात रुतला होता. तो घ्यायला ते वाकले.

"आरं ए मुडद्या!!"

सर पुन्हा सावधान. पुन्हा वाकले. पुन्हा मुडद्या! तिसऱ्यांदा त्यांनी बुटाचा नाद सोडला आणि एका पायात बूट, एका पायात मोजा, हात मांड्यांना चिकटवून, नजर समोर, संचलन करावं तसे थेट गाडीपर्यंत चालत गेले. आत्याबाई मागून हात जोडून, अगदी मनापासून म्हणाल्या, "सायेब, च्या तरी घेऊन जावा की!"

तो आवाज ऐकून गाडी जी निघाली, ती दार लागायच्या आधीच.

त्या दिवशी मी मनातल्या मनात सामान बांधलं. आत्याबाईंनी माझ्यासमोर दुधाचा पेला ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्या तोंडापायी गेली गं तुझी नौकरी." मी म्हटलं, "आत्याबाई, तोंड तुमचं असलं तरी प्रोग्राम माझा होता." मग दोघी हसलो, आणि मग जरा रडलोही.

सोमवारी सरांचा मेल आला. तीन वाक्यं. 'नीलम मॅडम, तुम्ही घरूनच काम करा. कायमचं. कॉलवर माईक बंद ठेवा.'

तर नोकरी आहे. बूट आहे, गोठ्यात धुऊन ठेवलाय. यंत्रही आहे, पण डुकरांना आता तानुबाईंची सवय झाली. परवा एक डुकरीण पिलं घेऊन भोंग्याखाली निवांत बसली होती, आजीची गोष्ट ऐकावी तशी.

मग गेल्या शुक्रवारी मीटिंगमध्ये मी माईक बंद करायला विसरले. नागेश सर कुणाला तरी झापत होते. तेवढ्यात आमच्या स्वयंपाकघरातून आवाज आला,

"आगं ए नीलम! दूध उतू चाललंय की!"

पडद्यावर नागेश सर बोलता बोलता थांबले, खुर्चीतून उठले, आणि हात मांड्यांना चिकटवून सरळ उभे राहिले.

सगळी मीटिंग त्यांच्याकडं बघत राहिली. मीही बघत राहिले. इतक्या कष्टानं केलेला प्रोग्राम कुणावर तरी चालतोय, हे बघून डोळे भरून आले हो!

दूध काय, ते गेलंच.