शेवटचा फोन

लेखनाला प्रतिभा लागते हा जुना गैरसमज आहे. लेखनाला लागतं ते प्रोत्साहन, आणि ते हल्ली इंटरनेटवर घरबसल्या फुकट मिळतं.

दातांच्या डॉक्टरांना हे जरा उशिराच कळलं. त्यांना आपल्या आत्यावर पुस्तक लिहायचं होतं. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. पूर आला तेव्हा बाकीचे जीव घेऊन पळाले, ही गुडघाभर पाण्यात बसून लोकांचे फोन जोडत राहिली. आईमागे डॉक्टरांना तिनेच वाढवलं होतं. आता तिची आठवण विरत चालली होती. "विचारायचं ते लवकर विचारून घ्या," असं मेंदूच्या तज्ज्ञांनी बजावलं, तेव्हा डॉक्टर त्याच दिवशी एका ऑनलाइन लेखनसाह्य समूहात दाखल झाले.

समूहाची कार्यपद्धती आदर्श होती. लिहायला बसताच सदस्याने 'बसलो' असं कळवायचं. (स्त्रियांनी 'बसले'.) इतरांनी शुभेच्छा द्यायच्या. मग प्रत्येकाचे वेगवेगळे आभार मानायचे, कारण सर्वांचे एकदम आभार मानणं उर्मटपणात मोडतं. शिवाय इतर बसलेल्यांना आपल्या शुभेच्छा असतातच. एवढं उरकेपर्यंत दवाखान्याची वेळ होई. ब्याण्णव टक्के सदस्य नेमाने बसत. उरलेले आठ टक्के लिहू लागल्यामुळे अनियमित ठरले. त्यांची नावं कमी करण्यात आली.

आत्या रोज सकाळी केस विंचरून समोरच्या खुर्चीत येऊन बसायची.

"अरे, पाणी बोर्डाला लागलं ना, तेव्हा शेवटचा फोन आला. लहान मुलाचा आवाज. मला म्हणाला..."

"एक मिनिट हं आत्या. एक बाई लिहायला बसल्यात, त्यांना शुभेच्छा देतो."

"कुठल्या बाई?"

"माहीत नाही गं."

"उरक बाबा तुझं. मी काय, इथेच आहे."

यथावकाश डॉक्टरांना सातत्याबद्दल सुवर्णचिन्ह मिळालं. त्या उमेदीत त्यांनी चक्क फोन बाजूला ठेवला (समूहाच्या इतिहासात याची नोंद नाही) आणि कोरा कागद पुढे ओढला.

"हं, सांग आत्या. तो मुलगा काय म्हणाला?"

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. मान किंचित कलती केली आणि फार अदबीने विचारलं, "नंबर बोला. कोण हवंय आपल्याला?"

"आत्या, मी गं!"

"लाइन मिळत नाहीये. थोडं थांबा हं."

डॉक्टरांना रडू कोसळलं. डोळे पुसत त्यांनी घडलं ते सगळं समूहाला कळवलं. शुभेच्छांचा उच्चांक झाला. 'प्रेरणादायी' हा शेरा एकमताने पडला. दोन नवे सदस्य चुकून लिहीत होते, तेही हातातलं टाकून वाचत बसले. आभार मानण्याचं काम अजून चालू आहे.

आपणही इथवर वाचलंत, त्याबद्दल आपले वेगळे आभार. तुमच्या समोरच्या खुर्चीतल्या माणसाला तुम्ही 'एक मिनिट' म्हणाला होतात. असू द्या, थांबतील.