यंत्ररथाची रांगोळी आणि खंडेनवमीचें कुंकू

सकळ कळांची स्वामिनी शारदा, तियेस दंडवत, आणि स्क्रू पिळतां ज्यांचीं बोटें सोलटलीं त्या लेकरांसही दंडवत. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आश्विनमास. एक राज्य होतें. नांव सांगत नाहीं, उगाच तंटा नको. तेथील शाळेंत उमाबाई ढवळीकर म्हणोन शिक्षिका, शरीरें किरकोळ परंतु हट्टाच्या पक्क्या. सरकारांतून यंत्रमानवाची पेटी आली ती तीन वर्षें कपाटांत कुलूपबंद. मोडेल म्हणोन कोणी हात लावीना. बाई रुजू जाहल्या आणि पहिलेच दिवशीं कुलूप काढविलें. म्हणाल्या, "मोडलं तर जोडू. हात लावल्याशिवाय काय कळणार?" मग सातवीच्या मुलांनीं एका रिकाम्या खोलींत मोटर जोडिली, वायर उलट लाविली, धूर काढिला, पुन्हां जोडिली, आणि गणित, विज्ञान, चित्रकला एकत्र कालवून एक यंत्ररथ सिद्ध केला. रथाचे पोटाखालीं दोन बारीक डोळे, म्हणजे सेन्सर. त्यांनीं जमिनीवरील काळी रेघ पाहावी आणि रथानें मागून रांगोळी सांडीत जावें. ऐसा कारखाना आम्हीं उभ्या जन्मांत देखिला नव्हता.

हें वर्तमान दिवाणसाहेबांस श्रुत जाहलें. साहेब थोर, परंतु पोरांचे हातीं यंत्र म्हणजे नासधूस ऐसें त्यांचें मत. आज्ञा जाहली कीं, त्रयोदशीस स्वारी येईल. रथ चालला तर कारखाना राहील, न चालला तर पेटी कपाटांत आणि खोलीस कुलूप. मग मुलांनीं आठ दिवस तालीम केली आणि रथ एकदांही चुकला नाहीं. मग खंडेनवमी आली. हत्यारें पुजावीं हा शाळेचा रिवाज, म्हणोन पक्कड, पाने आणि रथ पाटावर मांडोन यथासांग पूजा जाहली, झेंडूची माळ घातली आणि सुटी पडली.

त्रयोदशीस साहेब खुर्चीवर विराजमान जाहले. रथ सोडिला, तों चार बोटें चालला आणि गरकन वळोन साहेबांचे बुटांवर रांगोळी ओतून स्वस्थ राहिला. बाईंचा चेहरा उतरला. साहेब उठते जाहले. म्हणाले, "बाई, मी सांगतच होतो."

तोंच सातवीची मंजुळा गवंडी पुढें जाहली. "साहेब, दोन मिनिटं बसा ना." आणि बाई मदतीस धांवल्या नाहींत, हात पाठीमागें धरोन उभ्या राहिल्या, यांत त्यांची थोरवी. मग मुलीनें बॅटरी पाहिली, ठीक. चाकें पाहिलीं, ठीक. मग रथ उलथा केला आणि डोळ्यांस बोट लाविलें, तों बोट लाल.

साहेब पुसते जाहले, "हे कोणाचं काम?"

मंजुळेनें एकवार आमचेकडे पाहिलें आणि बोलली, "पूजेचं कुंकू आहे, साहेब. आम्हीच तपासायला हवं होतं." मग ओढणीनें रथाचे डोळे पुसोन तो सोडिला, आणि त्यानें चार पाकळ्यांचें फूल एका दमांत काढिलें. साहेब वांकोन पाहूं लागले, आणि मग हळूच म्हणाले, "मी एकदा सोडून पाहू का?" खोली राहिली.

तात्पर्य इतकेंच. रथ उचलोन, डोळे शोधोन, मनोभावें दोहोंस कुंकू लाविणारा या शाळेचा शिपाई, तोच हें लिहितो. कुंकवाची वाटी कोणाचे हातीं होती हें मंजुळेस ठाऊक होतें, आणि तिनें नांव घेतलें नाहीं. यंदा खंडेनवमीस वाटी आम्हीं तिचेच हातीं दिली. तिनें एक बोट रथाचे टपावर लाविलें आणि दुसरें आमचे कपाळीं.