परुळेकरांचा विजय आणि त्यावरचा उपाय

माणसाला धर्म जन्मानं मिळतो, आडनाव बापाकडून मिळतं आणि सासुरवाडी नशिबानं मिळते. फोनची कंपनी मात्र तो स्वतः निवडतो. आयुष्यात स्वतःच्या डोक्यानं घेतलेला हा बहुधा एकमेव निर्णय असल्यामुळे त्याच्यासाठी तो प्राण पणाला लावतो, यात नवल काही नाही.

वसईजवळच्या उमेळ्याच्या ग्रीन ऑर्चर्ड सोसायटीत राहणारे सुधाकर परुळेकर यांनी टाकिओ कंपनीचा फोन घेतला, तो दुकानात त्या दिवशी दुसरा कुठला शिल्लक नव्हता म्हणून. घेण्याआधी त्यांनी टाकिओचं नावही ऐकलं नव्हतं. पण घेतल्यावर आठवडाभरातच त्यांच्या ध्यानात आलं, की आपण हा फोन पूर्ण विचारांती, सर्व पर्याय तपासून आणि ऑर्बिन कंपनीच्या भूलथापांना बळी न पडता घेतलेला आहे. (ऑर्बिनच्या भूलथापा कोणत्या, ते त्यांनी त्यानंतर शोधून काढलं.) वस्तू घेताना विचार न करणारा माणूस घेतल्यावर फार खोल विचार करतो. देशातलं बरंचसं चिंतन याच मार्गानं झालेलं आहे.

त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये रुडॉल्फ तुस्कानो राहत. आज जिथे सोसायटीचं पार्किंग आहे, तिथे त्यांच्या वडिलांची केळीची बाग होती. (बाग तोडून बांधलेल्या इमारतीला बागेचं नाव देण्याची पद्धत आहे, त्यामुळे बाग गेल्यासारखी वाटत नाही.) तुस्कानोंकडे ऑर्बिन होता. तो त्यांच्या मुलीनं, लविनानं, दोह्याहून पाठवलेला होता. म्हणजे त्यांच्या निवडीचा प्रश्नच नव्हता. पण मुलीनं दिलेल्या वस्तूला कुणी नाव ठेवलं तर बापानं गप्प बसावं, असं कुठल्याच धर्मात सांगितलेलं नाही.

रोज संध्याकाळी हे दोघे पार्किंगजवळच्या बाकावर बसत आणि भांडत. दोघेही निवृत्त. परुळेकर विमा कंपनीतून, तुस्कानो बंदरातल्या नोकरीतून. निवृत्त माणसाला कामाची सवय सुटत नाही, ती अशी कामी आली.

"हा फोटो बघा, परुळेकर," तुस्कानो फोन पुढे करत. "आभाळ कसं जसंच्या तसं आलंय."

"आणि हे टाकिओचं आभाळ."

"एवढं निळं आभाळ उमेळ्यात कधी होतं?"

"नाहीच आहे. म्हणून तर फोन घ्यायचा."

परुळेकर स्वतःच्या फोनपेक्षा ऑर्बिनबद्दल जास्त वाचत. ते योग्यच होतं. भक्ताला देवाचं नाव ठाऊक असलं तरी भागतं. टीकाकाराला मात्र दुसऱ्याच्या देवाचं सगळं ठाऊक असावं लागतं. अमुक देशात ऑर्बिनचा चार्जर तापतो, हे त्यांना माहीत होतं. तो देश नकाशात कुठे आहे, हे माहीत नव्हतं. तुस्कानोही कमी नव्हते. टाकिओच्या ग्राहक सेवा केंद्राबाहेर ताटकळलेल्या लोकांचा एक व्हिडिओ त्यांनी जपून ठेवला होता आणि परुळेकर जास्तच रंगात आले, की ते तो एकही शब्द न बोलता लावत.

हळूहळू सोसायटीत दोन तट पडले. त्याचा कारभारावर चांगलाच परिणाम झाला. सर्वसाधारण सभेत गच्चीच्या गळतीचा विषय निघाला, तेव्हा पुरावा म्हणून फोटो कुणाच्या फोननं काढायचे यावर सभेचा अर्धा वेळ गेला आणि उरलेला चहात. गळती कायम राहिली, परंतु तिचे दोन्ही कंपन्यांनी टिपलेले उत्कृष्ट फोटो सोसायटीच्या दप्तरी आहेत. इच्छुकांना पाहता येतील.

घरातल्या बायकांना या प्रकरणात काही वाटत नसे. परुळेकरांच्या मनोरमाबाई आणि तुस्कानोंची फ्लॉसी या दोघींकडे अशा कंपनीचे फोन होते, की कंपनीचं नाव घासून गेलं होतं. त्या त्यावरून बोलत. नाताळात तुस्कानोंकडून तळलेले गोड फुगे यायचे, गणपतीत परुळेकरांकडून मोदक जायचे आणि त्या डब्यांच्या येण्याजाण्यात दोन्ही फोनचा उल्लेख न करण्याचा अलिखित करार होता.

असं सगळं आनंदात चाललेलं असताना परुळेकरांना चिकुनगुन्या झाला.

ताप उतरला, पण सांधे धरले. बाकापर्यंत जाणं सोडाच, फोन हातात धरवेना. टाकिओ हलका आहे हे त्यांचं म्हणणं त्या काळात त्यांनी स्वतःच मागे घेतलं. पंख्याकडे बघत पडून राहायचे. मनोरमाबाईंनी पेज पुढे केली, की तोंड फिरवायचे. "आता काय राहिलंय," असं एकदा म्हणाले, तेव्हा मनोरमाबाई पेजेची वाटी तशीच ठेवून समोर फ्लॉसीकडे गेल्या.

त्या आठवड्यात तुस्कानो बघायला आले. गिरीज गावातल्या आपल्या वाडीतली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आणली होती. पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले आणि खिशातून फोन काढून त्यांनी परुळेकरांच्या छातीवर ठेवला. तो टाकिओ होता.

"हे काय?" परुळेकर म्हणाले.

"घेतला. तुमचं पटलं मला."

"काय पटलं?"

"सगळंच. बॅटरी, कॅमेरा. चार्जर तापतो म्हणाला होतात, तेही."

वादाच्या इतिहासात समोरच्याला पटलं, असं पूर्वी कधी घडल्याची नोंद नाही. तज्ज्ञांच्या मते ते शक्यही नाही. परुळेकर उठून बसले. त्यांनी सुकेळ्यांतली दोन खाल्ली, मग पेज मागितली, मग लोणचं मागितलं. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी अतिशय संयमित भाषेत निवेदन टाकलं, की सत्याचा विजय उशिरा का होईना, होतो, आणि श्री. तुस्कानो यांच्या मोठ्या मनाचं आपण कौतुक करतो. टाकिओ पक्षानं टाळ्यांच्या चित्रांची रांग लावली. ऑर्बिन पक्ष नेता गमावल्यामुळे दोन दिवसांत विस्कटला. काहींनी तर आपला फोन आपण घेतलेलाच नसून भावानं दिल्याचं जाहीर केलं.

पुढच्या आठवड्यात परुळेकर काठी टेकत बाकावर येऊन बसले. तुस्कानो शेजारी आले.

"काय म्हणतो फोन?" परुळेकरांनी विचारलं.

"छान आहे."

"बॅटरी?"

"दिवसभर पुरते."

"मी म्हणालोच होतो."

"हो, म्हणाला होतात."

इथे संभाषण संपलं. मग पाण्याचा विषय झाला. पाणी कमी येतं, यावर दोघांचं एकमत होतं. गुडघे दुखतात, यावर एकमत होतं. एकमत ही गोष्ट भाषणात फार चांगली दिसते, पण तिच्यावर संध्याकाळ निघत नाही. परुळेकरांनी दुसऱ्या दिवशी घरगुती पंख्यांच्या कंपन्यांचा विषय काढून पाहिला. तुस्कानो म्हणाले, "वारा आला म्हणजे झालं." त्यावर पुढे काय बोलणार?

त्यात तुस्कानोंचा स्वभाव मुळात मन लावून काम करणारा. टाकिओमध्ये परुळेकरांना कधी न सापडलेल्या सोयी त्यांनी शोधून काढल्या आणि त्या ते परुळेकरांनाच समजावून सांगू लागले. नव्यानं आलेला माणूस जुन्यांपेक्षा कडवा असतो, हे परुळेकरांना ऐकून माहीत होतं. तो आपल्याच बाकावर येऊन बसेल, असं वाटलं नव्हतं. ते नुसती मान डोलवत. आणि मग एक दिवस तुस्कानो आलेच नाहीत. गिरीजला वाडीवर गेलेत, असं फ्लॉसीनं सांगितलं. दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्याही.

परुळेकर बाकावर एकटेच बसत. समोर पार्किंगमधल्या गाड्या असत. चिकुनगुन्यात नव्हती एवढी मरगळ त्यांना आली. जेवताना मनोरमाबाईंनी पाहिलं, की ताटातली कोलंबी तशीच आहे. कोकणातल्या माणसानं कोलंबी टाकली, की त्याच्या बायकोनं गप्प बसू नये, असा प्रघात आहे.

"तुम्ही तो दुसरा घ्या," त्या म्हणाल्या.

"दुसरा काय?"

"फोन. ते इकडे आले ना? मग तुम्ही तिकडे जा."

परुळेकरांनी घास खाली ठेवला. "अगं, पण माझी तत्त्वं?"

"तत्त्वं कॉपी होतात नव्या फोनमध्ये. दुकानात करून देतात."

परुळेकरांना रात्रभर विचार केल्यावर आपल्या बायकोचं म्हणणं स्वतःला सुचलेलं आहे असं वाटू लागलं, आणि सकाळी ते रिक्षा करून वसई रोडला जितेंद्रच्या दुकानात गेले. जितेंद्र त्यांना ओळखून होता. ऑर्बिन विकल्याबद्दल त्याला याच इसमाकडून नियमितपणे ऐकून घ्यावं लागे.

"ऑर्बिन दाखव," परुळेकर हळू आवाजात म्हणाले.

"कोणासाठी, काका?"

"अभ्यासासाठी."

जितेंद्रनं लगेच खोका पुढे ठेवला. दुकानदाराला एवढं कळावंच लागतं. जुना टाकिओ बदल्यात गेला, कार्ड घासून झालं, खोका उघडला, फोन चालू झाला आणि परुळेकर तो पिशवीत लपवत असतानाच दार ढकलून तुस्कानो आत आले. त्यांच्या हातात टाकिओचा खोका होता.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकमेकांच्या हाताकडे पाहिलं.

"जितेंद्र," तुस्कानो काउंटरकडे वळून म्हणाले, "हा परत घे. मला ऑर्बिन दे."

"वापरलेला माल परत नाही होत, अंकल."

"का परत करताय?" परुळेकरांनी विचारलं. "तुम्हाला तर पटलं होतं."

तुस्कानो काउंटरच्या काचेवरून उगाचच बोट फिरवत राहिले. "नव्हतं पटलं."

"म्हणजे?"

"तुम्ही पडून होता. खात नव्हता. मनोरमाबाई फ्लॉसीपाशी रडल्या. म्हटलं, आपण हरलो तर यांना जरा बरं वाटेल. औषध म्हणून घेतला मी तो फोन, लविनाचा ऑर्बिन बदल्यात देऊन."

परुळेकर काउंटरजवळच्या स्टुलावर बसले. आपला आयुष्यातला सर्वांत मोठा विजय हा सुकेळ्यांबरोबर आलेला खाऊ होता, ही बातमी पचवायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी मूळ मुद्द्याला हात घातला.

"चार्जर तापतो, हेसुद्धा नाही पटलं?"

"कधीच नाही. तुमचा टाकिओ घेतल्यापासून मला रोज ऑर्बिनची आठवण येते. एवढं निळं आभाळ बघून डोकं दुखतं माझं."

"मग महिनाभर मला टाकिओ शिकवत का होता?"

"दुसरं काय बोलणार होतो तुमच्याशी? तुम्ही नुसती मान डोलवायचात. मला वाटलं, कंटाळलात माझा. म्हणून वाडीवर जायला लागलो."

जितेंद्रनं मध्येच दोघांसाठी चहा सांगितला. गिऱ्हाईक रडणार किंवा भांडणार असं वाटलं, की चहा सांगावा, असा त्याचा नियम होता. इथे दोन्ही शक्यता होत्या.

आता परिस्थिती अशी, की परुळेकरांकडे ऑर्बिन होता आणि तुस्कानोंकडे टाकिओ, आणि दोन्ही फोन परत होण्यासारखे नव्हते. अदलाबदल करावी, अशी सूचना जितेंद्रनं केली. ती कुणालाही सुचण्यासारखी, बिनखर्चाची आणि संपूर्ण शहाणपणाची असल्यामुळे दोघांनी ती एकमतानं फेटाळली.

"आता मी पैसे मोजलेत," परुळेकर म्हणाले. ते पिशवीतून फोन काढून उलटसुलट करून पाहत होते. मग त्यांचा आवाज थोडा बदलला. "आणि खरं सांगू, तुस्कानो, हातात घेतल्यावर फरक कळतो. याला म्हणतात बांधणी."

तुस्कानोंनी चहाचा कप खाली ठेवला. ते ताठ बसले. "बांधणी घेऊन काय करायचंय? दुपारी बॅटरी संपली की बांधणी चाटायची?"

"बॅटरी संपते ती दिवसभर फोनला चिकटणाऱ्यांची."

"आणि तो चार्जर तापतो, त्याचं काय?"

"तो तिकडच्या देशात तापतो. इथे वसईत नाही तापत."

रिक्षातून ते भांडतच परतले आणि थेट बाकावर जाऊन बसले. प्रत्येकाला दुसऱ्याचे मुद्दे वर्षानुवर्षं ऐकून तोंडपाठ होते, त्यामुळे नव्या पक्षात रुळायला मुळीच वेळ लागला नाही. उलट परुळेकरांनी ऑर्बिनची बाजू अशी काही मांडली, की तुस्कानोंनी मनातल्या मनात दाद दिली आणि तोंडावर ती खोडून काढली. संध्याकाळी फ्लॉसीनं खिडकीतून खाली पाहिलं आणि दोघांनाही जेवायला यायला उशीर होईल, असा मनोरमाबाईंना फोन केला. सोसायटीच्या ग्रुपवर दोन्ही पक्षांनी आपापले नेते बदलून कामकाज सुरळीत सुरू केलं. परुळेकरांच्या ताटात त्या रात्री कोलंबी उरली नाही.

एवढं वाचून तुम्हाला या दोन म्हाताऱ्यांचं हसू आलं असेल, तर ते रास्तच आहे. ऑर्बिन म्हणजे खरी कुठली कंपनी आणि टाकिओ म्हणजे कुठली, हे तुम्ही पहिल्या पानावरच ओळखलंत, बरोबर बाजू कुणाची हेही ठरवलंत, आणि लेखकाकडे कुठला फोन असणार याचाही अंदाज बांधलात. वाचकांनी असं जागरूक असावं. आता फक्त तुमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, त्यांचं पूर्ण नाव एकदा आठवून पाहा. आठवत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. त्यांचा फोन कुठला आहे, ते आठवेल.