लाल गाडीचा चिखल

दुपारी एकच्या सुमारास दवाखाना रिकामा होता. दातांच्या डॉक्टरांनी पेशंटच्या खुर्चीवर स्वच्छ रुमाल अंथरला, रुमालावर सासऱ्यांची लाल गाडी ठेवली आणि वरचा दिवा खाली ओढला. सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हं, आ करा."

गाडीने आ केला नाही. वीतभर लांबीची ती शर्यतीची गाडी सासऱ्यांनी पस्तीस वर्षांपूर्वी केली होती. पत्रा ठोकून अंग घडवलं, तार वाकवून चाकांचे आरे केले, लाकूड कोरून ड्रायव्हर केला. ड्रायव्हरचं डोकं वाटाण्याएवढं, पण हनुवटीवर असा निर्धार, की शेजारून कुणी पुढे जाऊन दाखवावंच. अशा सहा गाड्या सासऱ्यांच्या घरी काचेच्या कपाटात होत्या आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात. सोळा वर्षांच्या संसारात जावयाने त्या पाहिल्या त्या काचेच्या अलीकडूनच. हात लावायची गोष्ट कधी निघाली नाही; काढायची हिंमतही झाली नाही.

आणि गेल्या रविवारी सासऱ्यांनी आपणहून लाल गाडी त्यांच्या ओंजळीत ठेवली होती.

"पुढचं डावं चाक निखळलंय. माझे हात हल्ली थरथरतात. तेवढं चिकटवा, जावईबापू. बुधवारी पाचला येऊन घेऊन जाईन."

डॉक्टर त्या रात्री नीट झोपले नाहीत. ही एक नीट झाली, तर बाकीच्या पाचही आपल्याच हातात येतील. कपाट उघडेल, सासरे उघडतील. आज बुधवार होता.

चाक चार मिनिटांत बसलं. दातावर टोपी बसवायचं सिमेंट ते, चाकाची काय कथा! मग ते वाळेपर्यंत डॉक्टर नुसते बघत बसले. खिडकीतून ऊन येत होतं, बाहेरचं झाड पडद्यावर सावल्यांची जाळी विणत होतं, कोपऱ्यातलं हवेचं यंत्र आपलं एका सुरात गुणगुणत होतं. गाडीच्या तोंडाशी चकचकीत पट्ट्यांची जाळी होती, अगदी दातांच्या कवळीसारखी. आणि तिच्यावर डाग होते. तपकिरी, जुने, मुरलेले.

वीस वर्षं डाग काढणाऱ्या हाताला डोक्याची परवानगी लागत नाही. ब्रश फिरू लागला. जाळी झाली, मग नाक, मग कुशी, मग मागची शेपटी, शेवटी ड्रायव्हरचा चेहरा. 'किती वर्षांची धूळ ही,' डॉक्टर मनाशी म्हणत होते, 'बिचाऱ्यांना वाकून पुसता येत नसेल.' ब्रशच्या गुंगीत त्यांना दिसत होतं, सासरे येतात, गाडी बघतात, डोळे भरतात, खिशात हात घालतात, किल्ली काढतात. लाल रंग वर येत गेला, कुंकवासारखा, डाळिंबासारखा, नुकत्याच जाग्या झालेल्या बाळाच्या गालासारखा.

तीन वाजता बायको जेवून परतली. बाहेरच्या टेबलावर पेशंटचे नंबर लावायचं काम तिचं. आत डोकावली आणि दारातच थबकली.

"अहो, बाबांचा चिखल कुठे गेला?"

"कसला चिखल? धूळ होती. काढली सगळी. बघ कशी झाली!"

"धूळ?" ती हळूहळू स्टुलावर बसली. "ती शर्यत संपल्यावरची गाडी आहे हो! पावसातल्या शर्यतीतून आलेली. एका केसाच्या ब्रशने बाबांनी थेंब थेंब चिखल रंगवला होता. मी आठ वर्षांची होते. ब्रश हलायला नको म्हणून घरात पळायचं नाही, शिंकायचं नाही. अख्खी उन्हाळ्याची सुट्टी पंख्याशिवाय काढली मी त्या चिखलापायी!"

डॉक्टरांनी हातातल्या ब्रशकडे पाहिलं. ब्रशच्या टोकाला एक उन्हाळा लागलेला होता.

"आता?"

"आता काय! पाच वाजता बाबा येणार. पाच म्हणजे त्यांचे पावणेपाच."

बायकोने फोनमधून कपाटाचा एक फोटो शोधून काढला. गाडीची उजवी बाजू त्यात स्पष्ट होती. डावीकडे मात्र काचेत बायकोचंच प्रतिबिंब पडलं होतं.

"म्हणजे डाव्या बाजूला चिखल नव्हता, तू होतीस," डॉक्टर म्हणाले.

"विनोद नंतर. आधी कालवा काहीतरी."

आधी कॉफी कालवली. ती लाल रंगावर थेंबाने उभी राहिली आणि ओघळून रुमालावर गेली. मग बायकोने पर्समधली पावडर काढली. गाडी नटल्यासारखी दिसू लागली. ती पुसली. मग कुंडीतली खरी माती आणली, तर तिचा एकेक कण त्या गाडीच्या मानाने धोंड्याएवढा. तेवढ्यात दाराशी साडेतीनचा नंबर येऊन उभा राहिला: चित्रकलेच्या बाई, खालच्या डाव्या दाढेसाठी.

त्यांना बाजूच्या दुसऱ्या खुर्चीत बसवून, भुलीचं इंजेक्शन देऊन डॉक्टर पुन्हा गाडीकडे वळले आणि बायकोने खालच्या दुकानातून आणलेल्या तपकिरी रंगाचे ठिपके देऊ लागले. भूल चढेपर्यंत दहा मिनिटं मिळत होती. बाई गळ्यातल्या फडक्यासकट मान वळवून बघत राहिल्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"हे काय, गोवर उठल्यासारखं!" अर्धा ओठ जड झालेला, पण आवाज वर्गातला. "चिखलाला दिशा असते, डॉक्टर. चाक पुढे फिरतं, शिंतोडा मागे उडतो. बारीक होत होत जातो, शेपटी असते त्याला. आणा इकडे ब्रश."

"बाई, तुमची दाढ..."

"दाढ कुठे पळून जात नाही. वेळ मात्र जातोय."

पण तो रंग वाळायला तासभर लागणार होता आणि घड्याळात सव्वाचार झाले होते. तेव्हा डॉक्टरांना सुचलं. दाढेत भरायचा मसाला! निळ्या दिव्याखाली वीस सेकंदांत दगड होतो. त्याला लोकांच्या दातांशी जुळवायचे रंगही होते: पिवळट, करडा, चहा पिणाऱ्याचा, विडी ओढणाऱ्याचा. चहा आणि विडी समसमान घेतल्यावर असा चिखल जमला, की बाईंनी तोंडावर हात ठेवला.

मग कामाला लय आली. बाई शिंतोडा ओढायच्या, बायको फोटो धरायची, डॉक्टर निळा दिवा लावायचे. दिवा टिंग म्हणायचा. शिंतोडा, निळं, टिंग. शिंतोडा, निळं, टिंग. पडदे ओढलेल्या खोलीत तिघांचे चेहरे निळे होत होते नि विझत होते, जणू कुणी तळ्याच्या तळाशी बसून पाऊस विणत होतं. मधेच बाईंची भूल उतरली. त्यांनी नुसतं तोंड उघडून दुसरं इंजेक्शन घेतलं आणि ब्रश खाली ठेवला नाही.

"आणि हा?" बाईंनी ड्रायव्हरकडे बोट केलं. "गाडी माखलेली आणि हा आत्ताच न्हाऊन आला का?"

ड्रायव्हरचा चेहरा माखला. डोळ्यांवरच्या शर्यतीच्या चष्म्याभोवती स्वच्छ गोल ठेवले, गालावर तीन शिंतोडे, हनुवटीवर एक. टिंग.

पडदे उघडून होतात न होतात तोच पावणेपाचला सासरे आले. जुन्या वळणाचे, नकाशे काढणाऱ्या कचेरीत आयुष्य घालवलेले, सरळ रेषेत चालणारे. त्यांनी गाडी उचलली, चाक बोटाने फिरवलं.

"बसलं."

"हो, बाबा."

गाडी त्यांनी उजेडात धरली. इकडून बघितली, तिकडून बघितली. चेहऱ्यावरचं काहीतरी हळूच मावळलं.

"बाकी काहीच केलं नाहीत?"

"छे! हात लावला नाही," डॉक्टर छाती काढून म्हणाले. बायको खिडकीबाहेर बघू लागली.

"हं." सासरे खुर्चीच्या कडेला बसले. "मला वाटलं होतं, तुमचा हात राहणार नाही. आमच्याकडे चहाला येता, तर कपाच्या कानातला डागसुद्धा चमच्याने खरवडता. म्हटलं, यांच्या हातात दिली की आपोआप होईल."

"काय होईल?"

"धुऊन निघेल." सासऱ्यांचा आवाज खाली आला. "मीच रंगवलेला चिखल, माझ्याच्याने निघेना. चारदा ओलं फडकं घेऊन बसलो. तुम्हाला 'धुवा' म्हणायलाही जीभ रेटली नाही. तरुणपणी वाटायचं, चिखल म्हणजे पराक्रम. आता तो ड्रायव्हर बघवत नाही हो. शर्यत कधीच संपली. पस्तीस वर्षं बिचारा तसाच बसलाय. माणूस घरी आल्यावर कुणीतरी पाणी द्यावं की नाही?"

बायकोने नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"बाबा," डॉक्टर म्हणाले, "हा तुमचा चिखल नाहीये."

"म्हणजे?"

"तुमचा मी दुपारीच धुतला. हा आमचा आहे. आत्ताच लावलाय."

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. मग गाडीकडे. मग चित्रकलेच्या बाईंकडे, ज्यांच्या ओठाच्या एका बाजूला चहा-विडीचा चिखल लागला होता.

"मग काढा की!"

"हा निघत नाही. दाढेचा मसाला आहे. दहा वर्षं चावलं तरी जात नाही."

"माझे शिंतोडे तर मुळीच नाही जाणार," बाई अर्ध्या ओठाने, पण अभिमानाने म्हणाल्या.

सासऱ्यांचे खांदे हलू लागले. मुलगी घाबरून पुढे झाली, तर ते हसत होते. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिने बापाला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"आणा ते कोरायचं यंत्र," ते डोळे टिपत म्हणाले. "एकेक काढू. आणि घाई नाही बरं का. निळी गाडीही अशीच धुळीतून आलेली आहे, पिवळीचं तर नावच काढू नका. पुढच्या बुधवारपासून एकेक आणत जाईन. मी धरतो, तुम्ही कोरा. अरे हो, आधी या बाईंची दाढ!"

"माझं राहू द्या," बाई म्हणाल्या. "त्याच्या चेहऱ्यापासून सुरू करा."

डॉक्टरांनी सगळ्यात बारीक सुई लावली. सासऱ्यांनी दोन्ही हातांत गाडी धरली. हात थरथरत होते, म्हणून जावयाने आपला डावा तळवा त्यांच्याखाली ठेवला. सुई गुणगुणली. ड्रायव्हरच्या गालावरचा पहिला शिंतोडा उडाला, खाली कोवळी गुलाबी कातडी दिसली, आणि सासऱ्यांनी नकळत मान वळवून स्वतःचा गाल खांद्याला पुसला.